उरेल तेवढी झोप

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभरातल्या सुमारे १ लाख ३९ हजार घरांत जाऊन लोकांना एक साधा प्रश्न विचारला: काल दिवसभर काय केलंत? वेळ कसा खर्च होतो याची आपल्याकडची ही पहिली देशव्यापी पाहणी. तिच्यातला दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे चारला संपतो. मधले चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत भरायचे.

आमच्याकडे कुणी गणक आला नव्हता. पण विमा कार्यालयात हिशेबाच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला रिकामे रकाने दिसले की ते भरल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून फेब्रुवारीतल्या एका साध्या मंगळवारचे रकाने मीच भरले. घरात पाहुणा नाही, आजारपण नाही, गाड्या वेळेवर. नजर ठेवली ती फक्त झोपेवर.

घर बदलापूर पूर्वेला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि काचा लावून बंद केलेली गॅलरी. माणसं चार. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे, हे अंबरनाथच्या एमआयडीसीत जनरल शिफ्टला, मुलगा एका अमेरिकन कंपनीच्या सपोर्टचं काम घरूनच करतो आणि मी रोज फोर्टला जाते.

पहाटे ४.००

सासूबाई उठल्यात आणि मुलगा आत्ता कुठे आडवा झालाय. गॅलरीतला दिवा बंद झाल्याचं टक् ऐकू येतं आणि पाठोपाठ बाहेरच्या खोलीतला दिवा लागतो. रोज असंच होतं.

सासूबाई रात्री नऊला झोपतात, म्हणजे सात तास झाले. तरी त्या सगळ्यांना सांगत असतात, “मला मेलीला झोपच लागत नाही.” वय झालं की शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं, संध्याकाळीच पेंग येते आणि पहाटे टक्क जाग येते. गाढ झोपेचा वाटाही कमी होतो, त्यामुळे सात तास झोपूनही झोपल्यासारखं वाटत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशननं २०१५ मध्ये वयानुसार झोपेचे तास जाहीर केले. अठरा ते चौसष्टला सात ते नऊ, पासष्टच्या पुढे सात ते आठ. म्हणजे या घरात रात्रीची पुरेशी, अखंड झोप घेणारी एकच व्यक्ती आहे, आणि झोप लागत नाही अशी तक्रारही तिचीच.

४.३०

गजर. पाच वाजता पाणी येतं आणि पाऊण तासात जातं. खालच्या टाकीतून वर चढवायला पंप लावावा लागतो, प्यायचं वेगळं भरावं लागतं. गजर पाण्याच्या वेळेवर लागतो, माझ्या झोपेच्या वेळेवर नाही.

पहाटेच्या या झोपेला आपण साखरझोप म्हणतो आणि तिच्यावर भरपूर लाडिक लिहिलं गेलंय. तिचं शास्त्र मात्र लाडिक नाही. १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपलेल्या माणसाचे डोळे मधूनमधून पापण्यांआड भराभर हलतात, आणि तेव्हा जागं केलं तर बहुतेक जण स्वप्न पडत होतं असं सांगतात. साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं रात्रभर चालतात. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त, शेवटच्या भागात ही स्वप्नांची. मन हलकं करणं, दिवसभराचं डोक्यात नीट बसवणं यात या दुसऱ्या झोपेचा मोठा हात आहे. म्हणून सातातले दोन तास पहाटेकडून कापले तर प्रत्येक प्रकारातून थोडं थोडं कापलं जात नाही, मुख्यतः हीच जाते. दिवसभर चिडचिड का होते याचं अर्धं उत्तर मला तरी इथे सापडतं.

त्यात मुंबईची एक गंमत. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईनं आपली जुनी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, आणि ती ३९ मिनिटं मागे होती. हट्ट होता, पण अगदीच बिनबुडाचा नव्हता. सूर्य खरोखरच आपल्याकडे तेवढा उशिरा येतो. तेव्हा माझ्या मोबाइलवर साडेचार वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबानं चारलाही दहा कमीच असतात.

५.१५

पंप चालू, कुकर लावला, कणीक भिजवली, दोन भाज्या. तीन डबे आणि सासूबाईंचं दुपारचं झाकून. यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. बायका हे सगळं रोज करतात आणि पुरुष हे सगळं रोज वाचतात.

त्या सरकारी पाहणीतला एक आकडा मात्र इथे लिहून ठेवते. पगाराशिवायचं घरकाम ज्यांनी केलं, त्यांतल्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेली आणि पुरुषांची ९७. शिवाय ते केलं किती जणांनी? बायकांपैकी ८१ टक्के, पुरुषांपैकी २६. आमचे हे त्या २६ टक्क्यांत बसतात, कारण दूध तेच आणतात. सहाला उठतात. त्यांची कंपनी वीस मिनिटांवर आहे, माझं ऑफिस दोन तासांवर. तरी आधी उठते मी. हे कुणी ठरवलं, असं विचारलं तर कुणीच ठरवलेलं नाही.

६.४० ते ८.२०

बदलापूर स्टेशन. इथून सीएसएमटी ६८ किलोमीटर. फलाटावर गाडी लागायच्या आधीच निम्म्या जागा भरलेल्या असतात, आणि त्या बदलापूरच्या बायकांनी भरलेल्या नसतात. अंबरनाथ, उल्हासनगरच्या बायका उलट दिशेच्या गाडीनं बदलापूरपर्यंत येतात आणि तीच गाडी परत निघते तेव्हा बसून राहतात. याला ‘डाऊन करून येणं’ म्हणतात. बदलापूरकर यावर चिडतात, भांडणं होतात, कधी हातघाईवरही येतात. मला त्यात दुसरंच काही दिसतं. डाऊन करायचं म्हणजे घरून अर्धा तास आधी निघायचं, म्हणजे अर्धा तास आधी उठायचं. कशासाठी? तर गाडीत बसून तासभर डोळे मिटता यावेत म्हणून. घरच्या अंथरुणातली अर्धा तास झोप देऊन गाडीतली तासाची झोप घ्यायची. वरवर फायद्याचा सौदा.

आज मला जागा मिळाली, खिडकीशेजारची दुसरी. विठ्ठलवाडी सोडेपर्यंत डब्यात बोलणं चालू असतं, कल्याणला गर्दी आत घुसते आणि मग हळूहळू बसलेल्यांचे आवाज बंद होतात. झोपायची प्रत्येकीची रीत ठरलेली आहे. समोरची ओढणी तोंडावर घेते. खिडकीतली डोकं गजाला टेकवते आणि खाली रुमालाची घडी ठेवते, नाहीतर दिवसभर गालावर गजाची रेघ राहते. एक शाळेतल्या बाई पर्सचा पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळतात आणि पुढच्या क्षणी गाढ. चौथ्या सीटवरची अर्धी बाहेर असते, एक पाय दाबून धरत ती तशीच पेंगते. तिला तोल सांभाळायला जागं राहावं लागतं आणि दमल्यामुळे जागं राहता येत नाही.

ही झोप मोडते ती धक्क्यानं नाही, आवाजानंही नाही. ती मोडते एका प्रश्नानं.

“कुठे?”

उभी असलेली बाई बसलेलीला विचारते. म्हणजे तू कुठे उतरणार. घाटकोपर असेल तर “मग मला”, आणि जागेचं बुकिंग झालं. हा व्यवहार सबंध डब्यात चालतो आणि तो अत्यंत सभ्य आहे, पण झोपलेल्या बाईला विचारणार कसं? म्हणून दंडाला हलकेच बोट लावायचं. ती डोळे न उघडता म्हणते, “दादर.” विचारणारी पुढे सरकते. दोन मिनिटांनी मागून आलेली तिसरी पुन्हा बोट लावते. “दादर.” ठाण्यापर्यंत एकेकीला असं पाच-सहा वेळा उठवलं जातं, आणि तिला ते आठवतही नाही. मी पाहिलंय, एकजण झोपेतच “भायखळा” म्हणाली आणि कुर्ल्याला दचकून उठून विचारू लागली, “माझी सीट कुणाला दिलीय मी?”

अशी तुटक झोप पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच घोटाळते. शरीराची डागडुजी ज्यात होते त्या गाढ झोपेपर्यंत ती उतरतच नाही. म्हणून डाऊनचा सौदा वाटतो तेवढा फायद्याचा नाही. घरचा अर्धा तास अखंड होता. तरीही वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी अगदी वाया जात नाही, डोकं थोडं तरतरीत होतं. आज मला कल्याण ते मुलुंड मिळाली. मधे दोनदा “सीएसएमटी” म्हणाले.

११.३०

चहा झाला, टेबलावरचा पहिला गठ्ठा निघाला. शेजारच्या टेबलावरचे साहेब फोनवर कुणाला तरी सांगतायत, “मला पाच तास पुरतात. सवय झालीय.”

हे वाक्य मुंबईत इतक्या जणांच्या तोंडी आहे की ते खरं असावं असं वाटू लागतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हॅन डाँगन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हेच तपासलं. धडधाकट माणसांना सलग चौदा रात्री सहाच तास झोपू दिलं आणि रोज त्यांचं लक्ष, प्रतिसादाचा वेग मोजला. दोन आठवड्यांच्या शेवटी त्यांची अवस्था सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली होती. यातला बोचरा भाग पुढे आहे. त्यांना स्वतःला विचारलं तर ती माणसं सांगत होती की थोडी पेंग येते, पण चाललंय. कामगिरी रोज घसरत होती आणि आपली घसरण त्यांना कळत नव्हती.

खरोखर कमी झोप पुरणारी माणसं असतात. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात एका कुटुंबात तसा जनुकीय बदलही सापडला. पण ती फार दुर्मीळ. आमच्या एका मजल्यावर पाच तास पुरणारे जेवढे भेटतात, तेवढे सगळे त्या जनुकाचे असतील यावर माझा विश्वास नाही. साहेबांनी काल तीन व्हाउचरवर चुकीचा खाते क्रमांक टाकला. मी तो दुरुस्त करून पुढे पाठवला. सवय झालीय.

दुपारी १.४५

डबा खाऊन झाला. आता पापण्या जड होतात. लोक भाताला नावं ठेवतात, माझी एक सहकारी तर याच कारणासाठी भात सोडून बसलीय. जेवणाचा हात थोडा असेलही, पण दुपारी एक ते तीनच्या दरम्यान सावधपणाला येणारी ओहोटी ही शरीराच्या घड्याळाचीच आहे, जेवलं नाही तरी ती येते. वामकुक्षी काही आळशी माणसांनी शोधून काढलेली नाही. पुण्यातल्या दुपारी बंद असणाऱ्या दुकानांची आपण जन्मभर थट्टा करतो. पण शरीरशास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर दुकानदार बरोबर आहे आणि गिऱ्हाईक चूक.

माझं हे म्हणणं आता नुसतं मत राहिलेलं नाही, कारण चेन्नईत त्याचा रीतसर प्रयोग झालाय. शहरातल्या कमी उत्पन्नाच्या ४५२ लोकांना काही आठवडे संगणकावर माहिती भरायचं काम दिलं आणि त्यांच्या मनगटावर झोप मोजणारं यंत्र बांधलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातली पहिलीच गोष्ट वाचून मी थांबले. ही माणसं रात्री अंथरुणावर आठ तास असत आणि झोपत साडेपाच. उरलेले अडीच तास उकाडा, डास, आवाज, दाटीवाटी आणि डोक्यातले विचार यांत जात. म्हणजे ‘लवकर पडा’ हा जो सल्ला आपण सगळ्यांना देत फिरतो, तो यांनी आधीच पाळलेला होता.

मग संशोधकांनी काहींना रात्रीच्या झोपेसाठी मदत केली. खाट, गादी, पंखा, कानात घालायचे बोळे, डोळ्यांवरची पट्टी, शिवाय जास्त झोपल्याबद्दल पैसेसुद्धा. रात्रीची झोप सुमारे २७ मिनिटांनी वाढली, पण कामात, कमाईत, तब्येतीत म्हणावा असा फरक पडला नाही. तुटक झोपेत आणखी थोडी तुटक झोप पडली एवढंच. दुसऱ्या काही जणांना दुपारी कामाच्या जागीच शांत कोपऱ्यात अर्धा तास झोपू दिलं. यांचं मात्र लक्ष सुधारलं, मन प्रसन्न राहिलं, तासागणिक काम वाढलं. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे: तो अर्धा तास न झोपता कामच करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची एकूण कमाई कमी भरली, कारण झोपेत गेलेला वेळ तेवढ्या वेगानं भरून निघाला नाही.

मालकाला यातली कुठली ओळ आधी दिसेल, हे सांगायला नको. आमच्या ऑफिसात रेकॉर्ड रूम आहे, थंड, अंधारी, लोखंडी कपाटांच्या मधे दोन खुर्च्या मावतील एवढी जागा. तिथे दोनच्या सुमाराला कोण असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी विचारत नाही. माझ्या मते चेन्नईच्या त्या शांत कोपऱ्याची ही आमची आवृत्ती, फक्त परवानगीशिवायची.

४.३०

दुसरा चहा. खरं तर चौथा, पण ऑफिसात एवढाच मोजला जातो.

जागं झाल्या क्षणापासून मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितका वेळ जागे, तितका साठा, तितकी पेंग. झोपलो की साठा उतरतो. बोर्बेली या शास्त्रज्ञानं १९८२ मध्ये मांडलं की झोप दोन गोष्टींनी ठरते: हा जागेपणाचा वाढता दाब आणि शरीराच्या घड्याळाची वेळ. दोन्ही जुळलं की डोळा लागतो. चहातलं कॅफीन हा साठा कमी करत नाही. मेंदूत अडेनोसिन जिथे चिकटतं ती जागा ते अडवून बसतं, त्यामुळे दाब असूनही जाणवत नाही. आणि निम्मं कॅफीन शरीराबाहेर जायला सरासरी पाचेक तास लागतात. साडेचारच्या चहाचा निम्मा अंश रात्री साडेनऊला अंगात आहेच. हे मला माहीत आहे आणि तरी मी तो घेते, कारण साडेपाचला महिन्याचा ताळा जुळवायचा असतो आणि रात्रीच्या झोपेची काळजी रात्री.

६.१० ते ७.५०

परतीची गाडी. ठाण्यापर्यंत उभी. कुणी झोपत नाही, भाज्या निवडल्या जातात.

८.००

घर. गॅलरीत मुलाचा दिवस आत्ताच उघडलाय. शिफ्ट साडेसातला सुरू होते आणि मार्चमध्ये अमेरिकेनं घड्याळं पुढे केली की साडेसहाला सुरू होईल. नोव्हेंबरमध्ये परत उलट. बदलापूरच्या एका घरात रात्रीची पोळी कितीला भाजायची हे न्यूयॉर्कच्या घड्याळावर ठरतं, आणि त्याचं आता कुणाला नवल वाटत नाही.

तो पहाटे चारला झोपतो आणि अकराला उठतो. मोजले तर सात तास भरतात, कागदावर माझ्यापेक्षा बरा. पण सात वाजल्यापासून ऊन, कुकरच्या शिट्ट्या, घंटागाडी, कुरिअर, आजीचे फोन. दिवसाची झोप शरीराच्या घड्याळाच्या विरुद्ध असते. ती उथळ लागते, लवकर मोडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये रात्रपाळीला ‘कर्करोगाला बहुधा कारण ठरणाऱ्या’ गोष्टींच्या यादीत टाकलं आणि २०१९ मध्ये तो निष्कर्ष कायम ठेवला. मी ते त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “आई, यादीत पगाराचा रकाना आहे का?” शनिवार-रविवारी तो मित्रांबरोबर दिवसा फिरतो, रात्री झोपतो, आणि सोमवारी पुन्हा उलटा होतो. म्हणजे दर आठवड्याला विमानात न बसता अमेरिकेला जाऊन येतो. त्याला जाड काळा पडदा शिवून दिलाय आणि अकराच्या आधी बेल वाजवू नका अशी पाटी दाराला लावलीय. पाटी वाचून बेल वाजवणारे आहेतच.

९.३०

मागच्या इमारतीत हळद आहे. डीजे. आमच्या खिडकीच्या काचा त्या तालावर थरथरतात.

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि निवासी भागात त्या वेळात मर्यादा ४५ डेसिबल. उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातले मोजके पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, त्यात शेजाऱ्याची हळद बसत नाही. झोपेच्या बाजूनं आपल्याकडचा कायदा तसा भरभक्कम आहे. रामलीला मैदानावर झोपलेल्या जमावावर मध्यरात्री झालेल्या कारवाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये झोप ही जगण्याच्या मूलभूत हक्कात बसवली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं, चौकशीसाठी बोलावलेल्या वयस्कर माणसाला रात्रभर जागवून जबाब घेतल्याबद्दल सक्तवसुली संचालनालयाला सुनावलं की झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, ती हिरावता येणार नाही.

ईडीला सुनावता येतं. मागच्या इमारतीला सुनावता येत नाही, कारण त्यांच्याकडेच जेवायला जायचंय. दहाला बंद होईल म्हणाले होते, पावणेअकराला झाला. सासूबाई या सगळ्यात नऊलाच झोपल्या आणि घोरतायत. त्यांना झोप लागत नाही.

१०.५०

भांडी आवरली, उद्याची मटकी भिजत घातली, सगळे दिवे मालवले. आता मोबाइल.

शहरी माणसाच्या झोपेवर कुणी चार ओळी लिहिल्या की पहिला गुन्हेगार हाच ठरतो. पडद्याच्या निळसर उजेडानं मेलाटोनिन उशिरा स्रवतं, हे खरं. हार्वर्डच्या संशोधकांनी काही लोकांना झोपायच्या आधी चार-चार तास, सलग पाच रात्री, प्रकाशित पडद्यावर वाचायला लावलं. छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली. दहा मिनिटं. चार तास वाचून. माझ्या झोपेला साडेचारची गाठ पाण्यानं मारली, रात्रीचा पाऊण तास हळदीनं नेला, रोजचे तीन तास वीस मिनिटं रेल्वेनं घेतली, आणि बोलणी खायची मोबाइलनं, हा हिशेब मला पटत नाही. सबंध दिवसात कुणाची आई, सून, क्लार्क नसलेली ही एकच अर्धी घटका आहे. ती मी झोपेतून काढून घेते, कारण दुसऱ्या कुठल्या खात्यात शिल्लक नाही. गाडीची वेळ ठरलेली, ऑफिसची, नळाची, शिफ्टची ठरलेली. सगळं जमाखर्च झाल्यावर खाली जी शिल्लक राहते, ती झोप. कमी पडलं की आपण तिलाच हात घालतो, कारण ती लगेच तक्रार करत नाही.

११.३०

यांचं घोरणं. आज एका लयीत आहे म्हणून बरं. मधे काही महिने ते एकदम थांबायचं, खोलीत आवाजच नाही, आणि मग बुडता माणूस वर यावा तसा मोठा हुंदका. घोरण्याला आपल्याकडे गाढ झोपेची खूण समजतात. असं थांबून थांबून घोरणं म्हणजे घशाची वाट मिटून श्वास अडतो, मेंदू दर वेळी किंचित जागा होतो आणि माणसाला सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. रात्रभर झोपूनही दिवसा गाडी चालवताना डुलकी, सकाळी डोकेदुखी, औषधानंही न उतरणारं ब्लड प्रेशर. डॉक्टरांनी रात्रभराची झोपेची तपासणी करवली, नाकावर हवेच्या दाबाचा मुखवटा दिला. सिडनीतल्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये काढलेली ही युक्ती. हे तो चार दिवस लावतात, एक दिवस विसरतात. आज विसरलेत. उठून लावून दिला.

ताळा असा: रात्रीचे पाच तास, गाडीतली पंचवीस मिनिटं तुटक. सात तासांना एक तास पस्तीस मिनिटं कमी.

तो तक्ता मी बुधवारी जेवताना ताटांशेजारी ठेवला. कुणी भाषण केलं नाही, मीही नाही. सासूबाईच म्हणाल्या, “अगं, मी चारपासून बसलेलीच असते. पंपाचं बटण दाबायला काय लागतं?” प्यायचं पाणी आणि डब्याची कणीक हे आता ह्यांच्याकडे आहे, ते सव्वापाचला उठतात आणि पहिले काही दिवस त्याबद्दल वारंवार सांगायचे. भाजी रात्री एकच्या ब्रेकमध्ये मुलगा चिरून ठेवतो, जाड चिरतो. माझा गजर आता साडेपाचचा आहे. गाडी तीच.

तुमच्या घरातही असाच एक दिवस कागदावर मांडून बघा. रात्री शेवटचा दिवा मालवणारं आणि पहाटे पहिला लावणारं माणूस एकच निघालं, तर त्यातलं एक काम आजपासून दुसऱ्या कुणीतरी घ्या.